पावतीवरची कोरी रेघ

"काय दाबलंत?"

दुकानात पाय टाकला की पहिला प्रश्न हा. या नाही, बसा नाही. बसायला खुर्चीच नव्हती. सदाशिव पेठेतल्या एका बोळात, इमारतीच्या जिन्याखाली त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. जिन्यावरून कुणी धाडधाड उतरलं की वरून धूळ पडायची आणि तो मान वर न करता म्हणायचा, "सावकाश. खाली माणसं राहतात."

तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायचो. इथं लिहिताना 'तो' म्हणतोय, कारण तो आता नाही आणि असता तरी त्याला चाललं असतं. मान दिला की त्याला संशय यायचा. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण हे लिहायचं राहिलं होतं.

"काय दाबलंत?" याला सगळी पेठ एकच उत्तर द्यायची. "काही नाही हो दाबलं, आपोआप झालं."

"आपोआप केस पांढरे होतात. कॉम्प्युटर नाही."

त्याचा नियम ठरलेला होता. खरं सांगितलं तर जे काय होतील ते पैसे. खोटं सांगितलं तर दुप्पट. आणि खोटं त्याला कळायचंच, कारण मशीनमध्ये सगळं लिहिलेलं असतं म्हणे, काय उघडलं, किती वाजता उघडलं. लोक भांडायचे. तो भांडायचा नाही. मशीन उचलून त्यांच्या हातात द्यायचा. "लक्ष्मी रोडला आणखी चार दुकानं आहेत. तिथं काही विचारत नाहीत." लोक जिन्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, कारण काम त्याच्यासारखं कुणी करत नव्हतं.

आधी तो रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग पेठेत घरोघर कॉम्प्युटर आले तेव्हा पुस्तकं आणून स्वतःच शिकला. लग्न केलं नाही. मशीन उघडायच्या आधी त्याला नाक लावून वास घ्यायचा. "स्वयंपाकघरात ठेवलाय का? मोहरीचा वास येतोय." मग दाढीच्या ब्रशनं आतली धूळ झाडायचा. आतून जे निघेल ते बरणीत ठेवायचा, म्हणजे झुरळं, पालीची अंडी, पोहे, एकदा तर लहान पोराचा दात. ती बरणी समोरच ठेवलेली. कुणी नाक मुरडलं तर म्हणायचा, "तुमच्याच घरातलं आहे."

त्याच्या पावतीवर एक ओळ असायची, ती मी दुसऱ्या कुठल्या दुकानात बघितली नाही. नाव, तारीख, रक्कम, आणि खाली 'कारण', त्यापुढे रेघ. त्या रेघेवर तो स्वतःच्या हातानं लिहायचा. घाई. आळस. भाचा. जावई. एका बाईंनी खरं सांगितलं की परदेशी लॉटरी लागल्याचं पत्र आलं म्हणून उघडलं, तर त्यानं लिहिलं 'हव्यास'. बाई शिकवणाऱ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, मोह लिहा. जरा बरं दिसेल." त्यानं हव्यास खोडून मोह लिहिलं. तेवढं तो ऐकायचा. एक साहेब आले, म्हणाले मुलीनं काहीतरी दाबलं.

"किती वर्षांची?"

"आठ."

यानं पडद्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. पावतीवर लिहिलं, 'मुलगी, वय बावन्न'. साहेबांनी दुप्पट पैसे ठेवले आणि चष्मा पुसत गेले.

फक्त एका कारणाचे पैसे तो घेत नसे. त्या काळात एक फसवणूक नवीन निघाली होती. कॉम्प्युटर चालू असताना एकदम लाल चौकट यायची, तुमच्या मशीनला रोग झालाय, इतके जंतू सापडलेत, ताबडतोब औषध विकत घ्या. औषध बिषध काही नाही, रोगही नाही. पैसे भरले की पुन्हा चौकट, पुन्हा पैसे. म्हातारी माणसं रडकुंडीला येऊन त्याच्याकडे मशीन आणायची. ती कबूल झाली की तो पावतीवर लिहायचा 'भीती', आणि रकमेच्या जागी शून्य.

मी एकदा विचारलं, असं का? म्हणाला, "भीतीचे पैसे मी घेत नाही. ते आधीच कुणीतरी घेतलेले असतात."

हे मी विचारलं तेव्हा आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. त्याची आमची ओळख वेगळी होती. माझी बायको जवळच्या एका खानावळीत पोळ्या करायला जायची. सकाळी नऊ ते एक. कॉलेजची मुलं जेवायला यायची बारानंतर, हा एकटा अकराच्या ठोक्याला यायचा. तीन पोळ्या खायचा. चौथी मागायचा नाही, ही न विचारता वाढायची. घरी येऊन सांगायची, "आज तुमच्या त्या तिरसटाला मीठ कमी पडलं. मला म्हणतो, तुमचं घरी भांडण झालं का?" झालेलं असायचं.

माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मी चिंचवडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर होतो. पत्रा कापायचं, दाबायचं मशीन. त्या खात्यात माणसाचा हात बघून नोकरी किती झाली ते कळायचं. पाच वर्षांवाल्याचं एक पेर गेलेलं, पंधरावाल्याची दोन बोटं. मी दहाच्या दहा बोटं घेऊन रिटायर झालो. निरोपाच्या दिवशी मॅनेजरनं माझे दोन्ही हात वर धरून सगळ्यांना दाखवले होते. पेठेत मी ते कितीजणांना सांगितलं असेल, मोजदाद नाही. आमच्याकडे शिस्तच तशी होती. लाल दिवा दिसला की आधी लाल बटण दाबायचं, मग विचार करायचा. पहिल्या दिवशी फोरमननं सांगितलं होतं, "विचारायला आलास तर उरलेली बोटं घेऊन येशील." एकतीस वर्षं मी तेच केलं, म्हणून हात शाबूत राहिला.

मुलगा शिकला, हिंजवडीला एका कंपनीत लागला. कंपनीनं त्याला अमेरिकेत पाठवलं, सुनेलाही नेलं, तिकडेच नात झाली. जाताना त्यानं घरात कॉम्प्युटर बसवला, तोंडं बघून बोलता यावं म्हणून. अडीअडचणीला असू दे म्हणून त्याचं बँकेचं कार्डही माझ्याकडे दिलं. ते हिच्या कपाटात, साड्यांच्या खाली.

कॉम्प्युटर मला आठवडाभर जमला नाही. ही दोन दिवसांत शिकली. चौथी पास बाई. हिरवं बटण दाबलं की उचलतो, लाल दाबलं की ठेवतो, एवढं तिला पुरलं. सकाळी साडेसातला नातीची आंघोळ झालेली असायची, तिकडे संध्याकाळ. ही पदर खोचून पडद्यापुढे बसायची आणि एवढ्याशा पोरीशी अर्धा अर्धा तास बोलायची. दसऱ्याला तिनं की-बोर्डला हळदकुंकू वाहिलं. त्याच्या दुकानात आम्ही मशीन एकदा दाखवायला नेलं तेव्हा त्यानं ब्रश फिरवला, बोटाला लागलेलं कुंकू बघितलं, आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

मग तो दिवस. ही खानावळीत गेलेली. मी एकटाच घरी. म्हटलं आपणही बघू, बायको करते ते आपल्याला न जमायला काय झालं. इकडेतिकडे दाबत होतो. आणि पडद्याच्या मधोमध लाल चौकट आली. लाल ढाल, त्यावर फुली. आकडे पळायला लागले, तीस, ऐंशी, दोनशे. भोंगा वाजायला लागला. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण एक शब्द येतो. डेंजर. तो मी एकतीस वर्षं रोज वाचला होता, मशीनवर, विजेच्या खांबावर, कवटीच्या खाली. आणि त्याच्याखाली मोठं लाल बटण.

मी दाबलं. विचार केला नाही, दुकानात ऐकलेलंही आठवलं नाही.

मग त्यानं कार्डाचे आकडे मागितले. तेवढं चित्रावरून कळलं. मी कपाटातून कार्ड काढलं, चष्मा लावला आणि एका बोटानं सोळा आकडे भरले. घाम आला होता. हिरवी खूण आली. मला वाटलं, वाचवलं आपण. पोराचं मशीन वाचवलं. हिला आल्यावर सांगायचं म्हणून खुशीत बसलो. दहा मिनिटांनी पुन्हा लाल. पुन्हा पैसे. मग बाण हलेना, काहीच हलेना.

दुपारी मुलाचा फोन आला, तिकडे मध्यरात्र, झोपेतून उठून केलेला. बँकेनं त्याला कळवलं होतं की कार्डावरून पैसे गेले. "बाबा, काय केलंत?" ही नेमकी तेव्हाच दारातून आत आली, कोपरापर्यंत पीठ लागलेली. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी कशाला करतोय? तुझी आई सकाळी जाताना काहीतरी दाबून गेली. त्यानं झालं."

ही दारात उभी राहिली. पिशवी हातातच होती. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मी तर नुसता बंद केला होता," म्हणाली. मग पिशवी खाली ठेवत, "झालं असेल बाई माझ्याकडूनच."

मुलानं फोन तिच्याकडे द्यायला सांगितला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. समजावून सांगावं तसं म्हणाला, "आई, आता तू हात लावू नकोस. बाबा असतील तेव्हाच." ती म्हणाली, "बरं." कार्ड बंद करायचं म्हणून मी नंतर शोधायला गेलो, तर ते कपाटात साड्यांखाली जागच्या जागी होतं. म्हटलं, मीच ठेवलं असेल.

दुसऱ्या दिवशी मशीन त्याच्याकडे नेलं. दुकानात कॉलेजची दोन मुलं उभी होती आणि इस्त्रीवाला, ज्याला माझी दहा बोटं पाठ होती.

"काय दाबलंत?"

"मी नाही. घरी झालं."

"घर दाबत नाही. कोणी?"

"बायकोनं."

"किती वाजता?"

माझ्या डोक्यात खरी वेळच बसलेली. "अकराच्या सुमारास."

त्याच्या दातात स्क्रू ड्रायव्हर होता. तो त्यानं काढून खाली ठेवला. "अकरा," म्हणाला, एकदाच. मग मशीन उघडलं. काम करता करता त्या मुलांना सांगत होता, मला नाही. "चोर आला म्हणून ओरडणारा हाच आणि कुलूप विकणाराही हाच. दार फोडायची यांना गरज नाही. माणूस घाबरला की आतून स्वतः उघडतो."

खरं सांगितलं असतं तर शून्य लिहून मोकळा झाला असता. भीतीच होती ती. पण इस्त्रीवाला उभा होता.

त्यानं दुप्पट पैसे लावले. मी दिले. पावती बघितली तर कारणापुढची रेघ कोरी.

"इथं लिहिलं नाहीत?"

"तुम्ही सांगा, लिहितो."

मी पावती चुरगळली, घरी येऊन कोपऱ्यात टाकली. पुढं किती वर्षं मी त्या बोळातून गेलो नाही. भाजीला लांबचा रस्ता धरायचो.

हिनं त्यानंतर कॉम्प्युटरला हात लावला नाही. मी खुर्चीवर, ही मागे उभी, पदर तोंडाशी. नातीला बघायची आणि मला सांगायची, "विचारा ना, दात आला का? विचारा ना, काय खाल्लं?" मी कधी विचारायचो, कधी कंटाळून लाल बटण दाबायचो. "रोज काय बोलायचं?" म्हणायचो. मी सकाळी फिरायला जाऊन कट्ट्यावर गप्पा मारत बसलो की यायला नऊ वाजायचे. तोवर ही खानावळीत गेलेली असायची. असे कितीतरी दिवस.

ती गेली त्याला दीड वर्ष झालं. पोटाचं दुखणं होतं, आधी लक्षात आलं नाही, लक्षात आलं तेव्हा तीन महिने उरले होते. मुलगा आला, राहिला, गेला. तेराव्याला शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही सकाळी बाहेर असताना ते वाजायचं ना, तेव्हा या समोर उभ्या राहायच्या. हात मागे बांधून. आणि त्याच्याशी बोलायच्या, थांब गं राणी, आजोबा आले की उचलतात. वाजायचं बंद होईपर्यंत उभ्या असायच्या." शेजारीण हे कौतुकानं सांगत होती. किती साधी बाई, म्हणून.

पुढं साड्या कुणाला द्यायच्या म्हणून कपाट काढलं. तर तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत ती पावती. मी चुरगळून टाकलेली. तिनं हातानं दाबून सरळ केलेली, एक सुरकुती नाही. कारणापुढे कोरं.

मी तशीच पावती घेऊन त्या बोळात गेलो. दुकान बंद होतं. लोकांकडे मोबाईल आले, मशीन कोण दुरुस्त करणार. वरच्याच मजल्यावर त्याची खोली, भाची बघायला यायची. तो खाटेवर, निम्मा झालेला. डोळे मात्र तसेच. बरणी उशाशी.

मी पावती त्याच्या हातात दिली. म्हटलं, "मी दाबलं होतं."

"मला कशाला सांगताय? मला तेव्हाच माहीत होतं. अकरा वाजता तुमची बायको माझ्या ताटात पोळी वाढत होती."

मी खाली बसलो. खुर्ची तिथंही नव्हती. म्हटलं, "तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं, आपल्याकडून झालं."

त्यानं पावती उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "तुम्ही मशीन घेऊन गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या स्वतः दुकानात आल्या. म्हणाल्या, मीच दाबलं, त्यांना काही विचारू नका. मी म्हटलं, अहो बाई, अकरा वाजता तुम्ही कुठं होतात ते मी सांगू का? तर म्हणाल्या, माहीत आहे. घरी आले तेव्हा टेबलावर कार्ड होतं, त्यावर यांचा चष्मा. मी उचलून कपाटात ठेवलं."

मी विचारलं, "मग असं का केलं तिनं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, ते दहा बोटं घेऊन रिटायर झालेत. तेवढंच आहे हो त्यांना."

भाचीनं चहा आणून ठेवला. दोघांनीही घेतला नाही.

"दुकान चालवलं तितकी वर्षं कुणाचं खोटं सोडलं नाही मी," तो म्हणाला. "त्यांचं तेवढं एक फुकट सोडलं."

मग त्यानं भाचीकडून पेन मागितलं. पावती बरणीच्या झाकणावर ठेवून म्हणाला, "बोला. काय लिहू?"

"लिहा, भीती."

"भीती तर दाबताना होती. ती पाच मिनिटांत संपली. पुढच्या एवढ्या वर्षांचं काय लिहू?"

खाली बोळातून स्कूटर गेली. जिन्यावरून कुणीतरी धाडधाड उतरलं, पण तो 'सावकाश' म्हणाला नाही. पेन आणि पावती माझ्या हातात दिली. "घरी जाऊन लिहा. मला दाखवायची गरज नाही."

जायला निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाला, "त्या गेल्यानंतर खानावळीत तीनच पोळ्या मिळाल्या मला."

महिन्याभरात तो गेला. मी पोचवायला गेलो होतो. पेठेतली बरीच माणसं आली होती, वय बावन्नवाले साहेबही होते, आता सत्तरीला टेकलेले. सगळे त्याच्या पावत्या आठवून आठवून हसत होते. मला कुणी विचारलं, तुमच्या पावतीवर काय होतं हो? मी म्हटलं, आठवत नाही. पुन्हा खोटं.

पावती माझ्यापुढे आहे. कितीदा पेन टेकवलं. एक शब्द लिहायचा म्हटलं तर सापडत नाही, दोन लिहायचे म्हटलं तर जागा नाही. चार बोटांची ती रेघ. तेवढ्यात मावेना, म्हणून हे सगळं लिहिलं.